कान, मीटर आणि कोड: जुन्या इंजेक्शन गाड्यांच्या निदानाची गोष्ट

मागच्या वेळी ‘तुझा पीएचडीचा विषय नेमका काय?’ असं दोघा-तिघांनी विचारलं होतं. ‘दुरुस्तीच्या ज्ञानाचा इतिहास’ असं उत्तर दिलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि विषय बदलतो. म्हणून आज एका गाडीपासून सुरुवात करते.

माझ्या मामाकडे एक जुनी पेट्रोल गाडी आहे, २००४ ची. मागच्या वर्षी कसारा घाटात तिनं ओढणंच सोडलं. सपाटीला ठीक, चढाला लागलं की पिकअप गायब, आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड निघाला तो ‘मिश्रण लीन’ असा, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. लीन आहे हे ऑक्सिजन सेन्सरनं कळवलं होतं, म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला. बिल झालं, दिवा विझला. आठ दिवसांनी पुन्हा लागला.

शेवटी घराजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी पेट्रोलच्या लाईनला प्रेशर गेज लावला आणि इंजिन रेस केलं. काटा खाली पडला. फ्युएल फिल्टर चोंदला होता! सेन्सर बिचारा खरंच सांगत होता, की पेट्रोल कमी पडतंय. आपण मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

ही चूक फक्त त्या गॅरेजची आहे असं मला वाटत नाही. तिच्यामागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. इंजिनाला काय झालंय हे कुणी सांगायचं, माणसानं की यंत्रानं, आणि यंत्रानं सांगितलं तर ते कुणासाठी, असा तो प्रश्न आहे. चला, सुरुवातीपासून बघू.

आधी कान होते

कार्बोरेटरच्या काळात मेकॅनिकची हत्यारं म्हणजे कान, नाक आणि बोटं. प्लग काढून बघायचा. काळाकुट्ट काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. सायलेन्सरला हात लावायचा, धुराचा वास घ्यायचा, इंजिन ‘मिसिंग मारतंय’ का ते ऐकायचं. जर्मन मेकॅनिकांवर स्टेफान क्रेब्स या इतिहासकारानं काम केलंय. त्यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. १९५० नंतर गॅरेजांमध्ये नवनवी तपासणी यंत्रं यायला लागली, तेव्हा मेकॅनिकांनी ती लगेच स्वीकारली नाहीत. कानानं निदान करणं हा त्यांच्या लेखी कसबाचा आणि प्रतिष्ठेचा भाग होता. काटा बघून कुणीही सांगेल, मग आमचं काय उरलं?

पण थांबा. ‘इंजेक्शन आलं आणि कान संपले’ एवढी सरळ ही गोष्ट नाही. इंजेक्शन आधी डिझेलमध्ये आलं. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं १९२७ मध्ये डिझेल इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. भारतात हे तंत्र पसरलं ते मायकोमुळे. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, बंगळूर, स्थापना १९५१. पुढे नाशिकलाही त्यांचा कारखाना झाला. तिथे नोझल बनायचे. नाशिककर आजही ‘मायको सर्कल’ म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्ये ‘बॉश लिमिटेड’ झालं तरीही.

या पंपांमुळे एक नवीनच धंदा उभा राहिला. हायवेलगतच्या कुठल्याही गावात ‘डिझेल पंप, नोझल, कॅलिब्रेशन’ अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. या पंप रूमवाल्यांची निदानाची पद्धत बघण्यासारखी आहे. चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन थरथरतंय, त्यातला कुठला सिलिंडर काम करत नाही? इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा ढिला करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटलं की इंजिनाचा आवाज पडतो. आवाज पडला, म्हणजे तो सिलिंडर आधी काम करत होता. ज्याचा नट ढिला करून काहीच फरक पडत नाही, तोच नापास. मग ते नोझल काढून हातपंपाच्या टेस्टरवर लावायचं. किती दाबाला उघडतंय, फवारा बारीक धुक्यासारखा आहे की धार लागतेय, बंद झाल्यावर टोकाला थेंब लोंबतोय का, हे सगळं बघायचं. (फवाऱ्यासमोर हात कधीच धरायचा नाही. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. हाताची बोटं गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते.)

या पद्धतीत कान आहेच, गेजही आहे. पण मुख्य आहे ती युक्ती: एक गोष्ट मुद्दाम बदलायची आणि काय होतं ते बघायचं. प्रयोगच की हा! हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डब्यातलं गूढ

आता पेट्रोलकडे वळू. १९५७ मध्ये अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीनं ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची प्रणाली जाहीर केली. विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारे इंजेक्टर आणि तो इशारा देणारा इलेक्ट्रॉनिक डबा. क्रायसलरनं १९५८ च्या काही मॉडेलांवर ती दिली. जेमतेम ३५ च्या आसपास गाड्या. त्या काळातले इलेक्ट्रॉनिक भाग उष्णता आणि थरथराट सहन करणारे नव्हते, त्यामुळे बहुतेक गाड्यांवर कंपनीनं परत कार्बोरेटर बसवून दिले. बेंडिक्सचे पेटंट हक्क नंतर बॉशकडे गेले.

बॉशनं ट्रान्झिस्टर वापरून तीच कल्पना पुन्हा उभी केली. १९६७ मध्ये ‘डी-जेट्रॉनिक’ आली, फोक्सवॅगन १६०० वर, आधी अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी. अमेरिकाच का? कारण १९६८ च्या मॉडेलांपासून तिथे धुराचे देशव्यापी नियम लागू होत होते. म्हणजे ही प्रणाली आली ती मुख्यतः धुरासाठी. हा धागाही पकडून ठेवा.

डी-जेट्रॉनिकचा ‘डी’ म्हणजे ‘द्रुक’, जर्मनमध्ये दाब. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजायचा, इंजिनाचा वेग आणि तापमान बघायचं आणि त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवायचं. पेट्रोलचा दाब साधारण २ बारला स्थिर. झालं!

आता १९६८ सालच्या एखाद्या अमेरिकन मेकॅनिकच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कार्बोरेटर उघडला की जेट दिसते, फ्लोट दिसतो. इथे एक बंद धातूचा डबा आणि वायरींचा जुडगा. डब्यात काय चाललंय ते ऐकू येत नाही, त्याला वास नाही. आणि हा डबा काहीच ‘लक्षात’ ठेवत नाही. कोड नाही, दिवा नाही. बॉशनं तपासणीची खास पेटी बनवली होती, ती वायरींच्या जोडणीत लावून एकेक सेन्सर तपासता यायचा. पण ती अधिकृत वर्कशॉपात. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये उरले दोनच मार्ग: डबा बदलून बघणं, नाहीतर सगळं इंजेक्शन उपटून कार्बोरेटर बसवणं. दुसरा मार्ग पुष्कळ मालकांनी धरला.

गंमत म्हणजे, डबा क्वचितच दोषी असायचा. दाबाच्या सेन्सरमधला पातळ पडदा चिरायचा. तो तपासायला हातातला छोटा व्हॅक्यूम पंप पुरे: नळीला लावा, ओढा, काटा टिकतो का बघा. नाही टिकला तर पडदा गेला. डिस्ट्रिब्युटरमधले इशाऱ्याचे पॉइंट घाण व्हायचे. कनेक्टर गंजायचे. तापमानाचा सेन्सर तर नमुनेदार. थंडीत त्याचा रोध जास्त, साधारण २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम. गरम झाला की ८० अंशांना तीनशेच्या आसपास. आता त्याची वायर तुटली तर? रोध अनंत! डब्याला वाटतं बाहेर ध्रुवप्रदेशाची थंडी आहे आणि तो पेट्रोल ओततच राहतो. भर उन्हात गाडी काळा धूर सोडते. साध्या मल्टीमीटरनं पाच मिनिटांत सापडणारा दोष. पण त्यासाठी ‘डब्याला काय वाटत असेल’ हा विचार करावा लागतो.

एकच भोक, दोन उलट लक्षणं

माझ्या प्रबंधात एक प्रकरण या एकाच उदाहरणाभोवती फिरतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

१९७३-७४ च्या सुमारास बॉशनं दोन नव्या प्रणाली आणल्या. एक ‘एल-जेट्रॉनिक’. एल म्हणजे ‘लुफ्ट’, हवा. तिच्यात दाब मोजत नाहीत, आत येणारी हवाच मोजतात. वाटेत एक झडप असते, हवेच्या ओढीनं ती जेवढी उघडते तेवढं पेट्रोल. दुसरी ‘के-जेट्रॉनिक’. के म्हणजे अखंड. यात इंजेक्टर उघडझाप करत नाहीत, सतत फवारत राहतात आणि पेट्रोलचं माप एक यांत्रिक वितरक ठरवतो. १९७६ च्या गोल्फ जीटीआयवर हीच होती.

आता समजा, इंजिनाच्या इनटेकजवळची रबरी नळी चिरली आणि तिथून जास्तीची हवा आत शिरतेय. लक्षण काय दिसेल?

एल-जेट्रॉनिकमध्ये ही हवा मोजमापाच्या झडपेला चुकवून मागच्या दारानं आत आली. डब्याला ती माहीतच नाही, म्हणून तिच्या वाटचं पेट्रोल नाही. मिश्रण लीन. आयडलिंगला इंजिन अडखळतं, बंद पडतं.

डी-जेट्रॉनिकमध्ये तीच हवा मॅनिफोल्डमधला दाब वाढवते. डब्याला दाब दिसतो. त्याला वाटतं, ड्रायव्हरनं पाय दाबला! तो पेट्रोल वाढवतो आणि आयडलिंगचा वेग चढतो.

भोक तेच. एका गाडीत इंजिन मरतं, दुसरीत पळत सुटतं. ज्यानं नुसती लक्षणांची यादी पाठ केली, त्याची इथे फसगत होणार. ‘ही गाडी हवा कशानं मोजते?’ हा प्रश्न आधी विचारणाराच निसटणार.

यातूनच जुन्या मेकॅनिकांची एक फुकटची चाचणी निघाली. एल किंवा के-जेट्रॉनिक गाडी आयडलिंगवर ठेवायची आणि ऑइल भरायचं झाकण काढायचं. क्रँककेसच्या वाटेनं न मोजलेली हवा आत जाते आणि इंजिन गडबडायला हवं. गडबडलं तर ठीक. झाकण काढूनही काही फरक पडला नाही, तर समजायचं की दुसरीकडे कुठेतरी आधीच मोठी गळती आहे. बघा, पंप रूममधल्या नट ढिला करण्याचीच ही सख्खी बहीण! मुद्दाम एक दोष निर्माण करा आणि इंजिनाचं उत्तर ऐका.

के-जेट्रॉनिकवाल्यांना डब्याची भीती नव्हती, पण प्रेशर गेजशिवाय पान हलायचं नाही. मुख्य दाब पाच बारच्या आसपास, नियंत्रण दाब थंड असताना कमी आणि गरम झाल्यावर साडेतीनच्या पुढेमागे. तिसरा आकडा म्हणजे गाडी बंद केल्यावर लाईनमध्ये टिकून राहणारा दाब. ‘थंड असताना लगेच सुरू होते, पण पेट्रोल भरायला पाच-दहा मिनिटं थांबलं की नंतर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते’ अशी तक्रार आली की गेज लावायचा. दाब टिकत नसेल तर गरम इंजिनाजवळच्या पाइपात पेट्रोलची वाफ होते. मग पंपाचा चेक व्हॉल्व्ह, अक्युम्युलेटर किंवा टपकणारा इंजेक्टर यांपैकी एक. प्लग आणि कॉईल बदलून इथे काहीही होणार नसतं.

दिवा कुणासाठी?

मग डिजिटल संगणक आले आणि डबा बोलायला लागला. १९८० च्या कॅडिलॅकमध्ये एसीच्या पॅनेलवरची दोन बटणं एकदम दाबली की इंजिनाचे दोष-कोड आकड्यांत दिसायचे. १९८१ पासून जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांत ‘चेक इंजिन’ दिवा आला. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधल्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडायच्या आणि दिव्याची उघडझाप मोजायची. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२: तपासणी यंत्रणा जागी आहे. ४४ म्हणजे लीन, ४५ म्हणजे रिच. मामाच्या गाडीचा कोड या ४४ चाच वंशज!

पण ४४ चा अर्थ नीट वाचा. ‘ऑक्सिजन सेन्सर मिश्रण लीन असल्याचं सांगतोय’, एवढाच. कारण चोंदलेला फिल्टर असेल, थकलेला पंप असेल, चिरलेली नळी असेल, नाहीतर खरोखर सेन्सरही असेल. कोड हा तापासारखा असतो. ताप आहे हे कळलं, मलेरिया की टायफॉइड ते शोधायचंच असतं.

आता आधी पकडून ठेवलेला धागा सोडवू. दिवा सक्तीचा कुणी केला? कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं, १९८८ च्या मॉडेलांपासून. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना ओबीडी-२ आणि १६ पिनांचं एकच सॉकेट आलं. उद्देश होता धूर. गाडी जास्त प्रदूषण करायला लागली तर ती स्वतःहून कळवेल, असा. मेकॅनिकला कारण सापडावं हा मूळ हेतू नव्हता. तरी अमेरिकेच्या १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीत एक तरतूद आली: धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी बाहेरच्या गॅरेजांनाही द्यायची. हे कंपन्यांनी आपणहून केलं नाही, कायद्यानं करवून घेतलं. निदान म्हणजे कसब हे खरंच, पण कुणाला काय कळू द्यायचं याचं राजकारणही त्यातच आहे.

आपल्याकडे काय झालं?

आपल्याकडची गोष्ट जरा वेगळी आहे. एप्रिल १९९९ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राजधानी परिसरासाठी आदेश दिला: खाजगी गाड्यांना जून १९९९ पासून युरो-१ आणि एप्रिल २००० पासून युरो-२. मुंबईसारखी महानगरं पाठोपाठ आलीच. गाड्यांच्या मागे ऐटीत ‘एमपीएफआय’ लिहिलेलं आठवतंय? ते याच काळातलं. पण ओबीडी आपल्याकडे सक्तीचं झालं ते बीएस-४ गाड्यांना, २०१० पासून पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा.

याचा अर्थ काय? आपले बहुसंख्य पेट्रोल मेकॅनिक कार्बोरेटरवरून थेट संगणकी इंजेक्शनवर आले. मधली वीस-पंचवीस वर्षं, ज्यात जर्मन आणि अमेरिकन मेकॅनिक गेज आणि मल्टीमीटर घेऊन कोडशिवाय धडपडले आणि शिकले, ती आपल्याकडे फारशी घडलीच नाहीत. शिवाय २००० ते २०१३ दरम्यानच्या आपल्या गाड्या अधांतरी राहिल्या: संगणक आहे, पण एकसारख्या कोडची हमी नाही. आज याच गाड्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. ज्याला अंदाजानं बदललेला एक सेन्सरही परवडत नाही, त्याच्याकडे.

आणि इथे माझा युक्तिवाद येतो. आपल्याकडे ती मधली परंपरा नव्हतीच असं नाही. ती पेट्रोल गॅरेजमध्ये नव्हती, डिझेलच्या पंप रूममध्ये होती! दाब मोजा, फवारा बघा, एक गोष्ट बदला, उत्तर ऐका. मामाच्या गाडीचा दोष ज्यांनी शोधला, त्यांनी आयुष्यभर डिझेल पंपच केले होते. त्यांनी स्कॅनर नाकारला नाही. कोड ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘पेट्रोल कमी पडतंय म्हणतोय ना? मग बघू या, येतंय का.’

तुमच्या गाडीसाठी

तुमच्याकडेही अशी जुनी इंजेक्शन गाडी असेल, तर इतिहासातून निघालेला क्रम लक्षात ठेवा. आधी बॅटरी आणि अर्थिंग, कारण डब्याला वीज कमी पडली तर तो काहीही बरळतो. मग पेट्रोलचा दाब, नुसता आयडलिंगला नाही, इंजिनावर भार असतानाही. मग हवेची गळती. मग प्लग आणि कॉईल. सेन्सर सगळ्यात शेवटी, आणि तोही मीटरनं मोजून, मगच बदलायचा. पेट्रोलची लाईन मात्र घरी उघडू नका. दाबाखालचं पेट्रोल आणि गरम सायलेन्सर यांची गाठ पडली की आग लागते. ते काम जाणत्या हातांनाच द्या. पण गॅरेजमध्ये एक प्रश्न जरूर विचारा: ‘कोड कळला, पण कारण कसं तपासलंत?’

या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारी माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. पंप रूमची शटर एकेक करून खाली येताहेत, कारण आताच्या कॉमन रेल डिझेलची महागडी यंत्रं छोट्या दुकानाला झेपत नाहीत. त्यांच्या डोक्यातलं ज्ञान कुठल्याच पुस्तकात नाही. माझं पुढचं वर्षभराचं काम म्हणजे त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून ते लिहून घेणं. तुमच्या गावात असे कुणी मिस्त्री असतील, तर मला जरूर कळवा. आणि त्याआधी तुम्हीच एकदा जाऊन चहा घेत त्यांना विचारा, ‘काका, आवाजावरून कसं ओळखायचात?’ उत्तर लांबलचक असेल. ऐकून घ्या.